राखीव म्हणजे कोणासाठी?

जंगल तोडावे की राखावे, हा वाद आजचा नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली. पुढे रूळ वाढत गेले, तशी त्यांच्या स्लीपरांसाठी देशभर साग, साल, देवदारावर कुऱ्हाड चालली. लाकूड पुरणार नाही, या काळजीतून १८६४ मध्ये वनखाते आले. ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ त्याचे पहिले प्रमुख. १८७८ च्या कायद्याने राने ‘राखीव’ झाली आणि परवान्याशिवाय मोळी आणणे, गुरे चारणे गुन्हा ठरले. गुरांची चराईची राने या खात्याने गिळली, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली.

मी कवी माणूस, शब्दांपाशी अडतो. राखीव म्हणजे कोणी राखलेले आणि कोणापासून?

याचे एक उत्तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आता तोडायचे किती आणि ठेवायचे किती, हे गाव बसून ठरवते. कुऱ्हाड तिथेही आहे. पण ती उचलणाऱ्याला उद्याही त्याच रानात जायचे आहे.