नग्नपंथीयांच्या वहाणा आणि टोप्या

इसवी सनापूर्वी 326 साली अलेक्झांडर तक्षशिलेस येऊन पोहोचला, तेव्हा तेथील नग्न तपस्व्यांची कीर्ती त्याच्या कानी गेली. हे लोक कोणाच्या बोलावण्यावरून येत नाहीत, ज्याला काही ऐकायचे असेल त्यानेच त्यांच्याकडे जावे, असे कळल्यावर त्याने ओनेसिक्रिटस नावाचा आपला एक माणूस त्यांच्याकडे धाडला. ओनेसिक्रिटसचा ग्रंथ काळाच्या उदरात गेला. पण स्ट्रेबो या भूगोलकाराने त्यातील मजकूर आपल्या ग्रंथात उतरून घेतला, म्हणून ही हकीकत शिल्लक राहिली. शहरापासून वीस स्टेडिया, म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटरवर त्याला पंधरा माणसे आढळली. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी आडवा, पण सारे विवस्त्र आणि निश्चल. ऊन असे की भर दुपारी इतर कोणाला त्या जमिनीवर अनवाणी पाऊल ठेववू नये. त्यांच्यातील कलानस दगडांवर पडलेला होता. त्याने पाहुण्याकडे पाहिले. अंगावर झगा, डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायांत जोडे! कलानसाला हसू आले. काही ऐकायची इच्छा असेल तर हे सगळे उतरव आणि या दगडांवर आमच्याबरोबर येऊन बैस, असे त्याने बजावले. त्यांच्यातील वडीलधाऱ्या मंदनिसाला हा उद्धटपणा आवडला नाही आणि त्याने कलानसाला तेथेच टोकले, हेही ओनेसिक्रिटसने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

या प्रसंगी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ग्रीक मनुष्याला नग्नतेचे नावीन्य नव्हते. ग्रीक तरुण व्यायामशाळेत विवस्त्रच कसरत करीत. ‘जिम्नॅशियम’ हा शब्दच मुळी नग्न या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. ग्रीक मल्ल मात्र कसरत आटोपली की अंग खरवडून कपडे चढवी आणि बाजारात जाई. कलानसाला उतरवून हवी होती ती वस्त्रे, टोपी आणि जोडे ही तिन्ही, आणि वर तापलेला दगड सोसण्याची तयारी.

युरोपातील नग्नतावादी मंडळी अंगावरचे सारे उतरवल्यावर पायांत वहाणा आणि डोक्यावर टोपी ठेवतात की तीही टाकतात, हा प्रश्न ऐकून प्रथम हसूच येते. वस्त्रेच नाहीत तेथे जोड्यांची चौकशी कशाला, असे कोणीही म्हणेल. पण माणूस वस्त्रे कशासाठी टाकतो याचा उलगडा त्याने काय टाकले यापेक्षा काय ठेवले यावरून अधिक होतो, असे मला वाटते. ज्याला संग्रह सोडायचा आहे तो संरक्षणही सोडतो. ज्याला आरोग्य हवे आहे तो वैद्य सांगेल ते ठेवतो. आणि ज्याला केवळ लाज नावाच्या ओझ्यातून मोकळे व्हायचे आहे, त्याला बुटांशी भांडण्याचे कारणच उरत नाही; पायांची लाज वाटते कोणाला?

आपल्याकडील दिगंबर जैन मुनींचे उदाहरण घ्या. मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांत नग्नत्व हा केवळ एक गुण आहे. जमिनीवर निजणे, उभ्याने हाताच्या ओंजळीत एकवेळ आहार घेणे, स्नान न करणे हेही त्यांतच येते; आणि केशलोच, म्हणजे डोक्याचे व दाढीचे केस हाताने उपटणे, हेही. टोपीची गोष्टच सोडा, निसर्गाने दिलेले शिरस्त्राणसुद्धा मुनी ठेवीत नाही. वाहन नाही आणि वहाणही नाही. तरी त्याच्याजवळ दोन वस्तू असतातच: मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. पिच्छी बसण्यापूर्वी जागेवरचे जीव हळूच बाजूला करण्यासाठी, कमंडलू शुद्धीच्या पाण्यासाठी. स्वतःच्या तळव्याला काटा बोचू नये म्हणून काही नाही. मुंगी चिरडू नये म्हणून मात्र आहे. 1955 साली कुंथलगिरीस सल्लेखना घेऊन देह ठेवणारे आचार्य शांतिसागर याच शिस्तीने दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पायी हिंडले. त्यांना ‘अनवाणी बरे की वहाणा बऱ्या’ असे विचारणे म्हणजे प्रश्नाचा रोख चुकणे होय.

युरोपातील प्रकरण अगदी निराळ्या वाटेने सुरू झाले. तेथे अंगावरच्या कपड्यांआधी पायांतले बूट निघाले. वोरिसहोफेन या बव्हेरियन गावचा धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप याने आपल्या जलोपचारांचे पुस्तक 1886 साली प्रसिद्ध केले. त्याच्या उपचारांत पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतावर, प्रसंगी ताज्या बर्फावरही, अनवाणी चालणे असे. धर्मगुरूच तो, नग्नतेशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. पण तिकडच्या प्रतिष्ठित माणसाने अनवाणी दिसणे हीच केवढी क्रांती होती! आपल्याकडे जुन्या काळी भरल्या सभेत पागोटे डोक्यावर असे आणि जोडे दाराबाहेर. बोडक्याने चारचौघांत जाणे अशुभाचे लक्षण. साहेबाच्या घरी याच्या उलट: हॅट खुंटीला आणि बूट पायांत. तिकडे अनवाणी पाय म्हणजे दारिद्र्याची खूण. म्हणून कार्ल विल्हेल्म डीफेनबाख हा चित्रकार अंगरखा घालून म्यूनिकच्या रस्त्यांतून अनवाणी फिरू लागला तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली. 1888 साली नग्नतेवरून त्याच्यावर खटला झाला तो पुढे. लोकांच्या डोळ्यांत आधी सलले ते त्याचे पाय.

यानंतर आडोल्फ युस्ट याने 1896 मध्ये हार्त्स पर्वतात ‘युंगबोर्न’ हे आरोग्यधाम काढले. तेथे पुरुषांचे आणि स्त्रियांचे भाग वेगळे, मध्ये कुंपण. आत हवा, ऊन आणि उघडे अंग. जमिनीचा स्पर्श तुटला म्हणून माणूस रोगी झाला, असे युस्टचे मत असल्याने बुटांना तेथे थारा नव्हता. याच युस्टचे पुस्तक गांधीजींच्या हाती पडले आणि मातीच्या उपचारांवर त्यांची श्रद्धा बसली, हे त्यांच्या आत्मकथेवरून आपणांस ठाऊक आहे. 1912 च्या जुलैत फ्रांझ काफ्का तेथे राहावयास गेला. पोहण्याची चड्डी काही त्याने सोडली नाही, आणि ‘चड्डीवाला’ म्हणून तो तेथे ओळखला जाऊ लागला. सारे उघडे असले की झाकलेलाच उठून दिसतो.

टोपीची कथा मात्र दवाखान्यातून येते. स्वित्झर्लंडमध्ये लेझां या डोंगरी गावी डॉ. ऑग्युस्त रोलिए याने 1903 पासून हाडांच्या क्षयावर सूर्यप्रकाशाने उपचार चालवले. त्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी रोग्याची केवळ पावले उन्हात, तीही पाच-पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी पावले दहा मिनिटे आणि गुडघ्यापर्यंतचे पाय पाच. असे ऊन हळूहळू वर सरके आणि काही आठवड्यांनी सारे अंग उघडे होई. डोके मात्र पांढऱ्या कापडी टोपीखाली किंवा सावलीत. बऱ्या होत आलेल्या मुलांची त्या वेळची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: लंगोटी, पांढरी टोपी, पायांत बूट आणि बर्फावर सरकण्याच्या फळ्या. पुढे युरोपभर निघालेल्या नग्नतावादी मंडळांनी आपल्या बाजूने वैद्यकाचा पुरावा म्हणून रोलिएचे नाव वारंवार घेतले. पाय सर्वांत आधी आणि डोके कधीच नाही, हा क्रम त्यामुळे डॉक्टरी सल्ला म्हणूनच रूढ झाला.

आता आपल्या घराजवळ येऊ. पाश्चात्त्य धर्तीचे, आज ज्ञात असलेले सर्वांत जुने नग्नतावादी मंडळ जर्मनीतले नव्हे; ते 1891 साली मुंबई इलाख्यात निघाले. संस्थापक चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड, ठाण्याचे जिल्हा व सेशन न्यायाधीश! सभासद आरंभी तीन: खुद्द न्यायाधीशमहाराज आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. मंडळाचे ठिकाण म्हणून माथेरानचे नाव सांगितले जाते. पुढे क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली झाली, मंडळ विस्कटले आणि 1894 साली ते वारले. त्यांचा पत्रव्यवहार होता तो इंग्लंडमधील एडवर्ड कारपेंटरशी, आणि येथे वहाणांचा धागा पुन्हा हाती लागतो.

कारपेंटर हा साध्या राहणीचा पुरस्कर्ता लेखक. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’च्या परिशिष्टात वाचनासाठी सुचवलेल्या पुस्तकांत त्याचे एक पुस्तक आहे. त्याचा मित्र हॅरॉल्ड कॉक्स अलीगढच्या कॉलेजात शिकवण्यास आला होता. त्याने काश्मिरातून कारपेंटरला वहाणांचा जोड पाठवला. कारपेंटरने त्या वहाणा पाहून स्वतः तशा बनवण्याची विद्या शिकून घेतली आणि मिलथॉर्प येथील आपल्या घरी तो मित्रांसाठी जोड तयार करू लागला. बंद बुटांना तो पायांच्या चामडी शवपेट्या म्हणे. म्हणजे साध्या राहणीच्या इंग्रज मंडळींच्या पायांत जी वहाण आली, तिचा मूळ नमुना आपल्या देशातला.

पण ठाण्याच्या न्यायाधीशापुढचा खरा पेच पायांचा नसून डोक्याचा असला पाहिजे. हिंदुस्थानच्या उन्हात गोऱ्या माणसाने सोला टोपीवाचून क्षणभरही उभे राहू नये, नाहीतर मेंदूवर परिणाम होतो, असा त्या काळच्या साहेबलोकांचा व त्यांच्या डॉक्टरांचा ठाम समज होता. पाठीच्या कण्याला ऊन लागू नये म्हणून गाद्या शिवून घेत. अशा समाजात डोक्यावरची टोपी काढणे हे धोतर फेडण्याहून धाडसाचे! हा समज दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी टोप्या टाकल्या तेव्हा कोठे ढासळला.

आणि त्याच 1891 साली माथेरानला रेल्वे नव्हती. ती 1907 मध्ये आली. साहेब मंडळी नेरळहून घोड्यावर नाहीतर पालखीत बसून वर जात. डोंगरातले ठाकर, कातकरी आणि ओझेवाले जांभ्या दगडाच्या त्याच तांबड्या वाटांवरून जन्मभर अनवाणी चालत. त्यांच्या अंगावर लंगोटीपलीकडे फारसे काही नसे, पण त्यांच्या उघडेपणाला कोणी तत्त्वज्ञान म्हटले नाही, की त्याचे मंडळ काढले नाही. अनवाणी पाय ही निवड होण्यासाठी घरी जोड्यांचा जोड असावा लागतो.

इंग्लंडात 1922 साली जी पहिली संस्था निघाली, तिने नाव घेतले ते ग्रीकांनी कलानसासारख्यांना दिलेल्या नावावरून: ‘जिम्नोसॉफिकल सोसायटी’, म्हणजे नग्न तत्त्वज्ञांची सभा. नाव तपस्व्यांचे, पण जीवन सुट्टीतले. पुढील काळात क्लब निघाले, त्यांत झाडे लावायची, लाकडे फोडायची, टेनिस खेळायचे. कुऱ्हाड हाती घेतली की अनवाणी पायांचे तत्त्व आपोआप मवाळ होते! फ्रान्समध्ये माँतालिव्हे येथे 1950 साली सुरू झालेल्या वसाहतीत पाइनची झाडी आणि समुद्राची वाळू शेजारी शेजारी आहेत. झाडीत चपला आणि पाण्याकाठी अनवाणी, हा तोडगा कोणाला शिकवावा लागत नाही. आता टोपीलाही नवे कारण मिळाले आहे. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो, आणि कान, नाक, टकलाची कातडी या जागा त्यात अधिक सापडतात. तेव्हा जी टोपी रोलिएने डोके तापू नये म्हणून दिली, तीच आज दुसऱ्या हेतूने डोक्यावर आली आहे. शिवाय प्रत्येकाच्या खांद्यावर एक टॉवेल असतो, बसण्यापूर्वी खाली पसरण्यासाठी. स्वच्छतेसाठी आणि दुसऱ्याची अडचण टाळण्यासाठी ठेवलेली ही एकच वस्तू पिच्छी-कमंडलूच्या जवळपास येते, असे मी म्हटले तर मुनिजनांनी क्षमा करावी.

बुटांचा प्रश्न सर्वांत सोप्या रीतीने सोडवला तो स्टीफन गॉफ या इंग्रज गृहस्थाने. 2003-04 मध्ये तो ब्रिटनच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत विवस्त्र चालत गेला. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, पायांत मोजे आणि जाड बूट. इतका लांबचा खडकाळ रस्ता अनवाणी तुडवण्याची त्याला गरज भासली नाही. त्याचे म्हणणे देहाची लाज नको एवढेच होते. कायद्यालाही त्याच्या बुटांशी कर्तव्य नव्हते. स्कॉटलंडमध्ये त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा झाली, आणि 2014 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्याची तक्रार फेटाळली. मधल्या वर्षांत शिक्षा संपून तो तुरुंगाच्या दारातून बाहेर येई तो पायांत बूट घालून, अंगावर काही न घेता. आणि दाराशी पोलीस त्याला परत आत नेण्यासाठी उभे असत.