खोगीर कुठे खुपते, हे घोडा सांगत असतो

तंग आवळण्यासाठी माणूस वाकतो आणि त्याच क्षणी घोडा मान वळवून त्याच्या दंडाकडे तोंड नेतो. माथेरानचा दस्तुरी नाका, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव किंवा पाचगणीचे टेबललँड येथे हे दृश्य पाहिले नाही, असा पर्यटक विरळा. 'जरा चावरा आहे' असे म्हणत घोडेवाला बहुधा त्याला चापट देतो आणि फेरी सुरू होते. ज्याला आपण स्वभावदोष समजलो, ते वेदनेचे गाऱ्हाणे असण्याची शक्यता कोणाच्या मनातही येत नाही.

घोडा हा मूळचा भक्ष्य ठरणारा प्राणी आहे. कळपात दुबळे दिसणे जिवावर बेतणारे असल्याने तो दुखणे लपवतो. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही. त्याची तक्रार कान, डोळे, ओठ आणि शेपटी यांच्या बारीक हालचालींत असते. अशा खुणांचा शास्त्रीय अभ्यास अलीकडे झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्स ग्रिमेस स्केल' या पद्धतीत मागे ताठरलेले कान, आकसलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातील ताण, चर्वणाचे फुगीर दिसणारे स्नायू, घट्ट मिटलेले तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या अशा खुणा नोंदवल्या जातात. ब्रिटिश पशुवैद्यक स्यू डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ वर्तनांची यादी मांडली. त्यांपैकी आठ किंवा अधिक आढळल्यास हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे संभवते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वारंवार शेपटी झटकणे, डोके उडवणे, तोंड उघडे ठेवणे, जीभ बाहेर काढणे, अडखळणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या यादीत आहेत. एखादी खूण क्षणभर दिसली म्हणून घाबरू नये. ती पुन्हा पुन्हा दिसते का, हे पाहावे.

अशा खुणा दिसल्यावर पहिली नजर खोगिराकडे जायला हवी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा, खुद्द कण्यावर पडू नये आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. खोगीर अरुंद असेल तर ते खांद्यामागे चिमटे काढल्यासारखे रुतते, आणि फार रुंद असेल तर मानेमागच्या उंचवट्यावर बसते. काही खोगिरे पुढे आणि मागेच टेकतात, मधे पोकळी राहते. तेव्हा सारा भार चार ठिकाणी एकवटतो. मराठीत निरर्थक भर घालण्याला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. घोड्याला विचारले तर त्याचे मत वेगळे पडेल! भरती एका बाजूला दबली वा तिच्यात गाठी झाल्या, तर दुखणे त्या गाठीपासूनच सुरू होते. मात्र सैल खोगिराखाली घोंगड्यांची चळत घालणे हा उपाय नाही, आणि अरुंद खोगीर तर त्याने अधिकच आवळते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या प्राण्यांसंबंधीच्या केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांत खोगिराची कमान आणि घोड्याच्या मानेमागचा उंचवटा यांत पुरेसे अंतर असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. काटेरी लगामालाही त्यात मनाई आहे. हा नियम किती जणांनी वाचला असेल, हा प्रश्न वेगळा.

पाठीवरील पांढऱ्या केसांचे ठिपके जुन्या दाबाची साक्ष देतात. सततच्या दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि तेथे पांढरे केस उगवतात. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा पट्टा राहिला, तर तेथेही अति दाब असू शकतो; पण तेवढ्यावरून निदान करू नये.

तोंडाचे दुखणे अधिक फसवे. लगामाची कांब खालच्या जबड्यातील दात नसलेल्या जागेवर टेकते आणि तेथे हाडावर पातळ त्वचाच असते. कांब चुकीच्या मापाची किंवा धार आलेली असेल, तर घोडा तोंड उघडतो, जीभ कांबेवरून वर काढतो. ते दिसू नये म्हणून नाकावरचा पट्टा आवळला जातो, म्हणजे तक्रारीचे तोंडच बांधले जाते. नाकाच्या हाडावर, मध्यभागी, पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, हा जुना संकेत आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ पासून स्पर्धांत हे अंतर मोजण्यासाठी ठरावीक उपकरण आणले आहे.

प्रत्येक दोष साजाच्या माथी मारता येत नाही. तंग आवळताना चावू पाहणाऱ्या घोड्याच्या पोटात व्रण असू शकतात, डोके झटकणाऱ्याचा दात दुखत असू शकतो. तेव्हा पशुवैद्यकाला पर्याय नाही. शिवाय घोड्याचे अंग हंगामानुसार भरते आणि उतरते. गेल्या दिवाळीत नीट बसलेले खोगीर या उन्हाळ्यात खुपू शकते. एकच खोगीर पाळीपाळीने तीन घोड्यांवर चढत असेल, तर निदान दोघांना तरी ते बेतशीर नसणार.

फेरी संपल्यावर खोगीर उतरले की उघडा तळहात कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेमागून कमरेपर्यंत, बेताच्या दाबाने फिरवावा. एखाद्या जागी कातडी थरथरली, पाठ एकदम खाली गेली किंवा कान मागे वळले, तर ती जागा लक्षात ठेवावी आणि तासाभराने सूज आली आहे का, हे पुन्हा पाहावे. सूज असेल, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत त्या पाठीवर खोगीर चढवू नये.