मेंढ्याच्या वृषणातील जनुकांचे वेळापत्रक

कळपातील एखादी मेंढी गाभण राहिली नाही, तर मेंढपाळाचे एक-दोन कोकरांचे नुकसान होते. मात्र ज्या नरावर ३०-४० मेंढ्यांची भिस्त असते, त्याच्यातच दोष निघाला तर सबंध हंगाम वाया जातो. त्यामुळे मेंढ्याच्या वृषणात शुक्राणू कसे घडतात, हा केवळ प्रयोगशाळेपुरता प्रश्न नाही. त्याचे उत्तर आता जनुकांच्या अभिव्यक्तीत शोधले जात आहे.

शरीरातील बहुतेक सर्व पेशींजवळ जनुकांचा संच एकच असतो. कोणते जनुक कोठे आणि केव्हा जागे व्हावे, हे मात्र पेशीपरत्वे बदलते. जनुकाची संदेशवाहक 'आरएनए'च्या रूपात नक्कल होणे व तीवरून प्रथिन तयार होणे, म्हणजे अभिव्यक्ती. याबाबतीत वृषण हा अवयव आगळाच आहे. तेथे जागी असणारी अनेक जनुके शरीरात अन्यत्र जवळजवळ मूक असतात.

मूळ पेशीपासून शुक्राणू तयार होण्यास मेंढ्यात सुमारे सात आठवडे लागतात. प्रथम मूळ पेशींची संख्या वाढते. त्यानंतरच्या अर्धसूत्री विभाजनात ५४ गुणसूत्रांची २७ होतात. या काळात एक्स गुणसूत्रावरील बहुतेक जनुके गप्प केली जातात. त्यांतील 'पीजीके-१' हे जनुक तर ऊर्जानिर्मितीसाठी आवश्यक! निसर्गाने त्याचीही सोय केली आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरील 'पीजीके-२' हे जनुक त्याची जागा घेते, आणि ते कार्यरत होते केवळ वृषणात.

खरी कसोटी अखेरच्या टप्प्यात लागते. गोल पेशीला डोके आणि शेपूट फुटत असताना डीएनएभोवतीची हिस्टोन प्रथिने दूर होऊन त्यांच्या जागी प्रोटामिन येते. त्यामुळे डीएनए इतका घट्ट आवळला जातो, की त्यातील जनुके वाचताच येत नाहीत. म्हणून या टप्प्याला लागणारे संदेश पेशी आधीच लिहून राखून ठेवते आणि वेळ येताच त्यांवरून प्रथिने बनवते. 'क्रेम' हे जनुक या टप्प्याचे एक प्रमुख नियंत्रक आहे. ते निकामी केलेल्या उंदरांत शुक्राणूंची घडण अर्ध्यावरच थांबते, असे १९९६ मध्ये दिसून आले.

हा सारा कारभार सांभाळतात त्या सर्टोली पेशी. टेस्टोस्टेरॉनचा निरोप शुक्राणूंच्या पूर्वपेशींना थेट कळत नाही. सर्टोली पेशी तो ग्रहण करून पुढील व्यवस्था लावतात. या पेशींची संख्या वयात येईपर्यंत ठरून जाते. साहजिकच कोकरूवयात झालेली उपासमार पुढे भरून काढणे अवघड असते.

वृषणाचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते. ते वाढले की पेशी संरक्षक प्रथिनांची जनुके जागी करतात; तरीही विभाजनाच्या अवस्थेतील अनेक पेशी मरतात. याचा परिणाम लगेच दिसत नाही. तयार झालेला शुक्राणू अधिवृषणातून बाहेर पडण्यास आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे आज तपासलेले वीर्य दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या घडणीचे फळ असते. एप्रिल-मेच्या उन्हाचा फटका जूनमध्येही जाणवू शकतो, तो यामुळेच. नराला सावली, पाणी आणि सकस चारा द्यायचा, तो मेंढ्या दाखवण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर किमान दोन महिने आधीपासून.