वासरचा घाट आणि मिरजेची गाडी : पोटशूळाच्या निदानाचा इतिहास

नांदेड आणि लातूर या टापूतील जुनाट पोटदुखीच्या निदानाचा इतिहास दवाखान्यांपासून नव्हे, तर ‘निदान’ या शब्दापासूनच सुरू करावा लागतो. आयुर्वेदात या शब्दाचा मूळ अर्थ रोगाचे कारण असा असून, रोग ओळखण्याच्या पाच साधनांना, म्हणजे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती यांना, मिळून ‘निदानपंचक’ म्हणतात. यांपैकी उपशय म्हणजे कोणत्या आहाराने वा औषधाने दुखणे शमते हे पाहून रोग ठरवणे. चिकित्सकांचे मतभेद या टापूत पुन्हा पुन्हा याच साधनापाशी येऊन थांबलेले दिसतात.

सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने रचलेल्या ‘रोगविनिश्चय’ अर्थात ‘माधवनिदान’ या ग्रंथात पोटातील शूळाचे जे प्रकार वेगळे काढले आहेत, त्यांतील दोन येथे महत्त्वाचे आहेत. खाल्लेले अन्न पचत असताना उठणारा तो परिणामशूळ, आणि अन्न पचले काय, न पचले काय, केव्हाही उठून उलटी होईपर्यंत न थांबणारा तो अन्नद्रवशूळ. परिणामशूळ म्हणजेच लहान आतड्याच्या आरंभी पडणारा व्रण, असे समीकरण पुढे अनेकांनी मांडले. ते मोहक असले तरी सावधपणेच घ्यावे, कारण माधवकराने व्रण पाहिलेला नव्हता, त्याने दुखण्याची वेळ पाहिली होती. म्हणजेच ‘केव्हा दुखते?’ या प्रश्नाला रोग्याने दोन वैद्यांपुढे दोन उत्तरे दिली, तर रोगाची नावेही दोन होत.

अशा मतभेदाचे मराठीतील बहुधा सर्वांत परिचित चित्र सरस्वती गंगाधराच्या ‘गुरुचरित्रा’च्या तेराव्या अध्यायात आहे, आणि त्याचे स्थळ नांदेडकरांच्या ओळखीचे आहे. ग्रंथातील वासरब्रह्मेश्वर म्हणजे गोदावरीकाठचे वासर, अर्थात सध्या तेलंगणात असलेले बासर होय, असे मानले जाते. पंधरा दिवसांनी वा महिन्याने एकदाच जेवणारा, आणि जेवताच पोटशूळाने तळमळणारा एक ब्राह्मण महानवमीला मिष्टान्न जेवतो, आणि कळा असह्य झाल्यावर पोटाला दगड बांधून नदीत उतरतो. ग्रंथाचे नायक असलेले गुरू नृसिंह सरस्वती त्याला बाहेर काढवतात आणि तेथे आलेल्या सायंदेव या अधिकाऱ्याला त्याला जेवू घालण्यास सांगतात. सायंदेव कचरतो, जेवणानेच मरणाच्या दारी गेलेल्याला पुन्हा वाढले, तर ब्रह्महत्या पदरी पडेल, हे त्याचे म्हणणे कोणत्याही सावध वैद्याला पटावे असेच आहे. गुरू मात्र अन्न हेच औषध ठरवतात, तेही उडदाच्या आणि दुधाच्या मिष्टान्नाचे, जे पचायला जड म्हणून एरवी पथ्यात कोणी सुचवणार नाही. ब्राह्मण जेवतो आणि दुखणे जाते. भाविकांसाठी हा चमत्कार आहे. निदानाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र येथे एकाच रोग्याविषयी दोन परस्परविरुद्ध उपशय समोरासमोर उभे आहेत.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असल्याने वैद्याच्या जोडीला राजाश्रय लाभलेला युनानी हकीम होता. तो ‘नब्ज’ म्हणजे नाडी आणि ‘कारूरा’ म्हणजे लघवी पाहून खून, बलगम, सफरा आणि सौदा या चार द्रवांपैकी कोणता बिघडला ते ठरवी. वैद्याचे पित्त आणि हकिमाचा सफरा ऐकायला जवळचे वाटत असले, तरी त्यांमागची शास्त्रे वेगळी होती. शिवाय घरातली म्हातारी माणसे बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला सांगत, किंवा तापल्या लोखंडाने पोटावर डाग देववीत. ते व्रण मागाहून तपासणाऱ्या डॉक्टरला निदान कळो न कळो, दुखणे किती जुने आहे हे तेवढे सांगत.

आगगाडीने या मतांमध्ये अंतराची भर घातली. दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोहोचली आणि 1927 मध्ये तिची दुसरी बाजू मिरजेला भिडली. त्यामुळे लातूरच्या रोग्याला कुर्डुवाडी आणि पंढरपूरमार्गे त्याच अरुंद रुळांवरून डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या, शस्त्रक्रियेसाठी नावाजलेल्या मिशन रुग्णालयापर्यंत जाता येऊ लागले. नांदेडचा लोहमार्ग मात्र हैदराबादकडे नेणारा, म्हणजे उस्मानिया रुग्णालयाकडे आणि नामांकित हकिमांकडेही. दुखणे कोणत्या शास्त्राच्या हाती पडेल, हे अशा रीतीने काही अंशी तिकिटावरच ठरत असे, आणि हे केवळ गमतीने म्हटलेले नाही.

पुढचे टप्पे भरभर आले. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये, नांदेडचे 1988 मध्ये, आणि लातूरचे शासकीय महाविद्यालय नव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. दरम्यान 1957 मध्ये वाकणाऱ्या काचतंतूंची दुर्बीण जठरात उतरली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात बहुतेक जठरव्रणांमागे ताण वा तिखट नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले, ज्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल मिळाले.

दुर्बिणीने मतभेद मात्र संपवले नाहीत. भारतात आजही अवघड ठरणारा वाद आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग यांच्यातला आहे. क्रोनचा रोग म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने आतड्यालाच सुजवणे, ज्याचे आधुनिक वर्णन 1932 मध्ये अमेरिकेत झाले. लहान आतडे मोठ्याला मिळते त्याच जागी दोन्हींत व्रण पडतात, दोन्हींत वजन घटते आणि ताप येतो, आणि काढलेल्या तुकड्यात क्षयाचे जंतू नेहमी सापडतातच असे नाही. तेव्हा अनेक डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात आणि व्रण भरले तर क्षय, न भरले तर क्रोन, असे मानतात. पद्धत उपशयाचीच आहे, फक्त आता तिला मुदत आहे. क्षय असताना क्रोनची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेली तर क्षय पसरू शकतो, म्हणून आधी क्षयाची औषधे देऊन पाहू म्हणणाऱ्या डॉक्टरच्या बोलण्यात सायंदेवाची धास्ती ऐकू येते. तर क्रोन असताना ते महिने वाया गेले की आतडे आकसत जाते, हे दुसऱ्या डॉक्टरचे म्हणणेही तितकेच खरे असते.