सतरा नंबरचे धनी

१९६७ च्या १ सप्टेंबरला अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एक नवं टीव्ही केंद्र सुरू झालं. मालक जॅक राइस ज्युनिअर. आपली आद्याक्षरं त्यांनी केंद्राच्या सरकारी नावातच घालून घेतली: डब्ल्यूजेआरजे. चॅनेलचा क्रमांक मिळाला १७, आणि तोच आडवा आला. तिकडे २ ते १३ हे चॅनेल व्हीएचएफ पट्ट्यातले, १४ पासून पुढचे यूएचएफ. १९६४ पूर्वीच्या बहुतेक संचांना यूएचएफ पकडण्याची सोयच नव्हती. ज्यांच्याकडे ती होती, त्यांनाही चित्र स्थिर करताना बटणाशी झटापट करावी लागे. शिवाय केंद्राला कुठल्याच मोठ्या नेटवर्कचा आधार नाही. कार्यक्रम आपणच जमवायचे, जाहिराती आपणच आणायच्या. केंद्र तोट्यात गेलं यात नवल नव्हतं.

दुसरा धनी आला तो रस्त्यावरच्या जाहिरात फलकांच्या धंद्यातून. टेड टर्नरच्या वडिलांनी १९६३ साली आत्महत्या केली आणि चोविसाव्या वर्षी होर्डिंगची कंपनी त्याच्या गळ्यात पडली. ती त्याने सावरली, आणि १९७० मध्ये सल्लागारांचा विरोध असताना सतरा नंबर घेतला. रोख पैसे मोजून नव्हे, शेअरांच्या अदलाबदलीत. नाव बदलून डब्ल्यूटीसीजी केलं. ज्या फलकांना भाडेकरू मिळत नव्हता, त्यांवर या केंद्राची जाहिरात झळकू लागली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, शहरातलं प्रतिस्पर्धी यूएचएफ केंद्र बंद पडलं आणि मैदान मोकळं झालं.

दाखवत काय होते? जुने सिनेमे, दुसऱ्यांनी दाखवून झालेल्या विनोदी मालिका, आणि कुस्ती. बातम्यांचं टर्नरला वावडं होतं, पण परवाना टिकवायचा तर थोड्या बातम्या देणं भाग होतं. मग त्या टाकल्या मध्यरात्र उलटल्यावर. बिल टश नावाचा निवेदक त्या वाचायचा. ऐकणारं कोणी नाही हे ओळखून तो डोक्यावर कागदी पिशवी चढवून वाचायला लागला. एकदा शेजारच्या खुर्चीत शर्ट-टाय घातलेला कुत्रा सहनिवेदक म्हणून बसला. पुढे जगाला चोवीस तास बातम्या दाखवणाऱ्या माणसाचा बातम्यांतला हा पहिला प्रयोग.

खरं गिऱ्हाईक आणलं बेसबॉलने. १९७३ पासून अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचे सामने सतरा नंबरवर दिसू लागले. १९७६ मध्ये टर्नरने संघच विकत घेतला. कार्यक्रम भाड्याने घेण्यापेक्षा कार्यक्रमाचा मालक होणं स्वस्त, हा त्याचा साधा हिशेब. त्याच वर्षी अँडी मेसरस्मिथ हा महागडा गोलंदाज संघात आला. (बेसबॉलमधल्या चेंडू टाकणाऱ्याला आपण गोलंदाजच म्हणू.) त्याला १७ क्रमांकाचा सदरा दिला आणि पाठीवर आडनावाच्या जागी छापलं ‘चॅनेल’. चालती-बोलती जाहिरातच. लीगने ती लगेच उतरवायला लावली.

पण सतरा नंबरचं नशीब बदललं ते १७ डिसेंबर १९७६ ला. त्याआधी वर्षभर एचबीओ या केबल चॅनेलने दाखवून दिलं होतं की उपग्रहावरून कार्यक्रम देशभरच्या केबलवाल्यांपर्यंत पोचवता येतात. टर्नरच्या डोक्यात आलं, आपलं गावातलं केंद्रच तसं वर का चढवू नये? अडचण कायद्याची होती. केंद्राच्या मालकाला कार्यक्रम उपग्रहावर चढवणारी संदेशवहन कंपनी चालवता येत नव्हती. मग त्या कामासाठी काढलेली सदर्न सॅटेलाइट सिस्टिम्स ही कंपनी त्याने एड टेलर या गृहस्थाला विकली. किंमत एक डॉलर. केबलवाले दर घरामागे काही सेंट द्यायचे ते टेलरला. सतरा नंबरला त्यातला छदामही नाही. त्याचा फायदा दुसरीकडे होता: बघणारे वाढले की जाहिरातीचा दर वाढतो. पहिल्या दिवशी चार केबलवाल्यांनी केंद्र घेतलं: नेब्रास्कातलं ग्रँड आयलंड, व्हर्जिनियातलं न्यूपोर्ट न्यूज, अलाबामातलं ट्रॉय आणि कॅन्ससमधलं न्यूटन. तिथल्या लोकांना पहिल्यांदा दिसला तो ‘डीप वॉटर्स’ हा १९४८ चा सिनेमा, तोही अर्धा तास उलटून गेल्यावर.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

१९७९ मध्ये केंद्राला डब्ल्यूटीबीएस हे नाव हवं झालं. ते एमआयटी या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्राकडे होतं. टर्नरने त्यांना ५०,००० डॉलर देणगी देऊन ते सोडवून घेतलं. पोरांना नवा ट्रान्समीटर मिळाला, टर्नरला नाव. १९८० मध्ये त्याने शार्लट शहरातलं आपलं दुसरं केंद्र २ कोटी डॉलरना विकलं, आणि ते पैसे व सतरा नंबरची कमाई यांच्या जोरावर १ जून १९८० ला सीएनएन सुरू झालं. १९९१ च्या आखाती युद्धात मुंबई-दिल्लीच्या बड्या हॉटेलांत लोक जे सीएनएन बघायला जमले, आणि ज्यामुळे आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या धंद्याला जोर आला, त्याचं मूळ या कुस्तीवाल्या केंद्रात आहे.

इथून पुढे मालकीचा प्रवास वेगाने होतो. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा सिनेसंग्रह घेताना टर्नर कर्जात बुडाला. १९८७ मध्ये केबल कंपन्यांनी पैसे ओतले आणि बदल्यात मोठा हिस्सा घेतला. १९९६ मध्ये टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीने सगळं सामावून घेतलं, २००१ मध्ये तिच्यात एओएल ही इंटरनेट कंपनी आली. दरम्यान १९९८ मध्ये टीबीएस, म्हणजे सतरा नंबरचं देशभर दिसणारं रूप, केबलवाल्यांनी थेट त्यालाच पैसे मोजून घ्यायचं चॅनेल झालं, आणि १ ऑक्टोबर २००७ ला रीतसर वाटणी झाली. टीबीएस हे नाव आणि देशभरचा प्रेक्षक एका बाजूला. अटलांटाचा परवाना, मनोरा आणि क्रमांक दुसऱ्या बाजूला. गावातल्या केंद्राचं नाव झालं डब्ल्यूपीसीएच, ‘पीचट्री टीव्ही’. ज्या गावाने टीबीएस वाढवलं, तिथल्या अँटेनावाल्यांनाच त्या दिवसापासून टीबीएस दिसेनासं झालं.

मला यात अन्याय दिसत नाही, पण ही वाटणी बरोबरीची होती असं कोणी सांगू नये. अमेरिकेत परवाना शहराला बांधलेला असतो. बाकी सगळं मालक उचलून नेऊ शकतो, आणि नेलं.

मग परवान्याचंही ओझं झालं. टाइम वॉर्नर एटी अँड टी या दूरसंचार कंपनीला विकली जायची होती. हवेतून प्रक्षेपणाचा परवाना हाताशी असता तर दूरसंचार आयोगाची तपासणी मागे लागली असती, आणि टाइम वॉर्नरकडे तसं केंद्र एकच उरलं होतं: सतरा नंबर. २०११ पासून ते चालवणाऱ्या मेरेडिथ कंपनीला २०१७ मध्ये ते ७ कोटी डॉलरना देऊन टाकलं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मेरेडिथची सगळी केंद्रं ग्रे टेलिव्हिजनने घेतली. ग्रेचं मुख्यालय अटलांटातच आहे, म्हणजे बऱ्याच वर्षांनी केंद्राला गावचा धनी मिळाला. २०२३ मध्ये ते सीडब्ल्यू नेटवर्कला जोडलं गेलं. राइसना जो नेटवर्कचा आधार कधी मिळाला नाही, तो असा छपन्न वर्षांनी आला. डिजिटल झाल्यापासून प्रक्षेपण सतराव्या चॅनेलच्या लहरींवरून होत नाही. पडद्यावर आकडा मात्र अजून १७ च उमटतो.