मॅकेब, केटी

मॅकेब, केटी : (२१ सप्टेंबर १९९५ – ). आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची कर्णधार. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत आयर्लंडच्या महिलांचा पहिला गोल तिच्या नावावर आहे. क्लब फुटबॉलमध्ये ती लंडनच्या आर्सेनलची खेळाडू म्हणून ओळखली जाते. डावी बाजू आणि डावा पाय ही तिची ओळख. मात्र त्या बाजूला पुढे आक्रमणात खेळायचे की मागे बचावात, हे प्रशिक्षकागणिक बदलत आले.

तिचा जन्म डब्लिन शहराच्या नैर्ऋत्येकडील किलनामाना या वस्तीत झाला. घरात अकरा भावंडे. भाऊ गॅरी मॅकेब शॅमरॉक रोव्हर्ससह आयर्लंडमधील अनेक क्लबांकडून खेळला, त्यामुळे फुटबॉल घरातच होता. लहानपणी ती मुलांच्या संघांतून खेळली. रोव्हर्सचे टाला स्टेडियम तिच्या घरापासून जवळ. पुढे आयर्लंडच्या महिला संघाचे बहुतेक घरचे सामने याच मैदानावर झाले. आंतरराष्ट्रीय कर्णधाराला आपल्याच वस्तीतल्या लोकांसमोर देशासाठी उतरायला मिळावे, असे क्वचितच घडते.

आयर्लंडची महिलांची राष्ट्रीय लीग २०११ मध्ये सुरू झाली आणि मॅकेब पहिल्या हंगामापासून रहेनी युनायटेडकडून खेळली. या संघाने २०१२-१३ आणि २०१३-१४ अशी सलग दोन लीग विजेतेपदे मिळवली. त्याच काळात २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे आयर्लंडचा महिला चषकही त्यांच्याकडे राहिला. २०१५ मध्ये रहेनीचा संघ शेलबर्न क्लबात विलीन झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्ट्रिया चषक स्पर्धेत हंगेरीविरुद्ध मॅकेबने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले आणि वर्षअखेरीस आर्सेनलने तिला करारबद्ध केले.

लंडनमध्ये सुरुवातीला तिचे बस्तान बसले नाही. घराची ओढ होती आणि संघात जागाही पक्की नव्हती. २०१७ मध्ये आर्सेनलने तिला लोनवर स्कॉटलंडच्या ग्लासगो सिटीकडे पाठवले. तिथे नियमित खेळायला मिळाले, लीगचे विजेतेपदही मिळाले. ती परतली तेव्हा आर्सेनलची सूत्रे जो मॉन्टेमुरो या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाकडे आली होती. त्यानंतर तिची जागा पक्की झाली. २०१७-१८ चा लीग चषक आणि २०१८-१९ चे विमेन्स सुपर लीगचे विजेतेपद जिंकणाऱ्या संघात ती होती. पुढे योनास आयडेव्हाल या स्वीडिश प्रशिक्षकाने तिला अनेकदा लेफ्ट-बॅक म्हणून खेळवले. मागून धावत येऊन क्रॉस टाकणे किंवा थेट गोलवर फटका मारणे तिला तिथूनही जमते. एप्रिल २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने मारलेला विजयी गोल याचा नमुना आहे. खेळ आक्रमक असल्यामुळे पिवळी कार्डेही भरपूर. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी दोन्ही वर्षे आर्सेनलने अंतिम सामन्यात चेल्सीला हरवून लीग चषक जिंकला. २०२३ च्या बॅलन डी'ओर पुरस्कारासाठी निवडलेल्या ३० जणींच्या यादीत तिचे नाव होते. या यादीत आलेली ती आयर्लंडची पहिली महिला खेळाडू.

तिची राष्ट्रीय संघातील कारकीर्द २०१७ च्या संदर्भाशिवाय नीट कळत नाही. त्या वर्षी ४ एप्रिलला आयर्लंडच्या महिला खेळाडूंनी डब्लिनमधील लिबर्टी हॉल या कामगार संघटनेच्या इमारतीत पत्रकार परिषद घेतली. राष्ट्रीय संघाचे ट्रॅकसूट कनिष्ठ संघांबरोबर वाटून वापरावे लागतात, प्रवासात विमानतळावरच्या स्वच्छतागृहात ते उतरवून परत द्यावे लागतात, कामावर रजा घेतल्याने बुडालेल्या पगाराची भरपाई मिळत नाही, अशा तक्रारी त्यांनी उघडपणे मांडल्या. स्लोव्हाकियाविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराची तयारी होती. दोनच दिवसांत आयर्लंडच्या फुटबॉल महासंघाने तडजोड केली. या लढ्यात पुढे असलेली कर्णधार व गोलरक्षक एमा बर्न हिने १३४ आंतरराष्ट्रीय सामने खेळून त्याच वर्षी निवृत्ती घेतली. तिच्या जागी प्रशिक्षक कॉलिन बेल यांनी २१ वर्षांच्या मॅकेबला कर्णधार केले. संघात तिच्याहून अनुभवी खेळाडू होत्या, त्यामुळे अनेकांना नवल वाटले. ती या संघाची आजवरची सर्वांत तरुण कर्णधार ठरली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुरुष व महिला संघांना समान सामना-मानधन देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा वाटाघाटीत पुरुष संघाचा कर्णधार शेमस कोलमन याच्यासह तिचा वाटा होता. पुरुष खेळाडूंनी आपल्या मानधनात कपात मान्य केली आणि तेवढीच भर महासंघाने घातली.

मैदानावरचे यश मात्र उशिरा आले. ऑक्टोबर २०२० मध्ये युरो पात्रता फेरीत कीव्ह येथे युक्रेनविरुद्ध आयर्लंडकडून स्वयंगोल झाला. उत्तरार्धात बरोबरीची संधी देणारी पेनल्टी मॅकेबने घेतली, पण चेंडू क्रॉसबारवर आदळला. सामना ०–१ असा गेला आणि प्ले-ऑफची संधी हुकली. पुढच्या विश्वचषक पात्रता फेरीत डच प्रशिक्षिका वेरा पाऊ यांच्या बचावप्रधान संघाने वेगळी वाट काढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये टाला येथे जॉर्जियाचा ११–० असा पराभव झाला. हा आयर्लंडचा सर्वांत मोठा विजय. पण खरे वजन आहे ते एप्रिल २०२२ मध्ये गोथेनबर्ग येथे बलाढ्य स्वीडनला त्यांच्याच मैदानावर १–१ असे रोखण्याला. आयर्लंडचा तो गोल मॅकेबचा होता.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर प्ले-ऑफ सामन्यात स्कॉटलंडची पेनल्टी आयर्लंडची गोलरक्षक कोर्टनी ब्रॉस्ननने अडवली. बदली खेळाडू अँबर बॅरेटने ७२ व्या मिनिटाला गोल केला आणि आयर्लंडच्या महिला प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरल्या. चारच दिवसांपूर्वी डोनेगॉलमधील क्रीस्लॉ गावी झालेल्या स्फोटात दहा जणांचा बळी गेला होता. बॅरेट त्याच परगण्यातली. तिने दंडावरच्या काळ्या फितीला हात लावून गोल त्यांना अर्पण केला. या विजयाला गालबोटही लागले. ड्रेसिंग रूममध्ये गायलेल्या गाण्यात सशस्त्र संघटना आयआरएचा जयघोष होता. त्याबद्दल महासंघाने माफी मागितली, पुढे दंडही भरला.

२० जुलै २०२३ रोजी सिडनीत विश्वचषकातील पहिला सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. ७५,७८४ प्रेक्षकांसमोर स्टेफ कॅटलीच्या पेनल्टीवर आयर्लंड ०–१ ने हरले. कॅटली ही मॅकेबची आर्सेनलमधील सहकारी. सहा दिवसांनी पर्थमध्ये कॅनडाविरुद्ध, पाऊसवाऱ्यात, चौथ्याच मिनिटाला कॉर्नर मिळाला. मॅकेबने डाव्या पायाने मारलेला चेंडू वळत आत आला, गोलरक्षक कायलन शेरिडनला चुकवून कोणाचाही शेवटचा स्पर्श न होता थेट जाळ्यात गेला. महिला विश्वचषकात कॉर्नरवरून थेट झालेला हा पहिला गोल. तो सामना आयर्लंडने १–२ असा गमावला. नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी होऊन त्यांची स्पर्धा संपली.

नायजेरियाविरुद्ध खेळताना संघात बदल करा, अशी मागणी मॅकेबने मैदानातूनच केली होती. कर्णधाराला बदल हवा म्हणून तो करायचाच असे नाही, असे पाऊ यांनी सामन्यानंतर सुनावले. मॅकेबने उत्तरादाखल समाजमाध्यमावर तोंडाला चेन लावलेले चिन्ह तेवढे टाकले. ऑगस्टअखेर पाऊ यांचा करार नूतनीकरणाविना संपला. त्यामागे हा एकच प्रसंग होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. प्रशिक्षिका आणि महासंघ यांच्यातले संबंध आधीपासूनच ताणलेले होते. सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर महिला संघाचा पहिला सामना झाला. उत्तर आयर्लंडविरुद्धचा हा विजय पाहायला ३५,००० हून अधिक लोक आले.

२४ मे २०२५ रोजी लिस्बनमध्ये आर्सेनलने सलग दोन वर्षांच्या विजेत्या बार्सिलोनाला स्टिना ब्लॅकस्टेनियसच्या गोलवर १–० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. मॅकेब लेफ्ट-बॅक होती. बार्सिलोनाची उजवी बाजू रोखण्याचे काम तिच्याकडे होते. आर्सेनलने २००७ मध्ये पहिल्यांदा युरोपीय विजेतेपद मिळवले, तेव्हाही संघात एमा बर्न, सिआरा ग्रँट व इव्हॉन ट्रेसी अशा आयरिश खेळाडू होत्या.

युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे दार मात्र राष्ट्रीय संघाला उघडले नाही. जुलै २०२४ मध्ये कॉर्क येथे फ्रान्सला ३–१ असे नमवूनही प्ले-ऑफ टळला नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधील त्या दोन सामन्यांत वेल्सने एकूण ३–२ अशी सरशी साधली आणि २०२५ च्या स्पर्धेला वेल्सचा संघ गेला.