पागोट्यावरचा शब्द

१८७३चा नोव्हेंबर. तुम्ही मुंबईत भेंडीबाजारात उभे आहात आणि अंगात अजून बंडीचे हिसके आहेत. परतवाड्याच्या छावणीतून अमरावतीपर्यंत पंधरा कोस बैलांनी, पुढे बडनेऱ्याहून आगगाडीने. नागपूरपर्यंत रूळ पडून सहाच वर्षं झालीत. अडत्याच्या कापसाच्या गाठींसोबत राखणीला आलात. गाठी कुलाब्याला उतरल्या, हात मोकळे झाले.

कडेला एक म्हातारा गोरा मांडीवर कागद घेऊन बसलाय. भरघोस दाढी, गोल चष्मा. एडवर्ड लिअर, वय एकसष्ट. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या बोलावण्यावरून आलाय. राणी व्हिक्टोरियाला यानं चित्रकला शिकवली. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. तुम्हाला दिसते ती पेन्सिल.

सज्जाचे खांब, खालून जाणारी गाडी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. बाई केव्हाच गर्दीत गेली, कागदावर मात्र तिची मान ताठ आहे. मग तो तुमच्याकडे बघतो. चार रेघांत तुमचं पागोटं उतरतं, आणि त्या पागोट्यावर तो बारीक अक्षरांत काहीतरी लिहितो.

"काय लिवून रायला बा हा?" सोबतचा गडी विचारतो.

रंगाचं नाव. लिअरची रीतच ती: जागेवर पेन्सिल, चित्रातच रंगांच्या नोंदी, कोपऱ्यात गाव, तारीख, कधी वेळसुद्धा. शाई आणि जलरंग मागाहून, सवडीनं. मला त्याची ही पेन्सिलीवरच राहिलेली पानं रंगवलेल्या चित्रांहून जवळची वाटतात. रंग नंतर कुठल्याशा खोलीत, आठवून लागतो. तो शब्द मात्र तुमच्या पागोट्यासमोर बसून लिहिलेला असतो.

लवकरच तो उत्तरेला निघेल. रूळ भुसावळ, खंडवा, जबलपूर असे जातात, म्हणजे मेळघाटच्या पलीकडून. अलीकडचं आपलं काहीच त्याला दिसायचं नाही. ना बिच्छन नदीचा काठ, ना सागाचे ओंडके घेऊन डोंगर उतरणाऱ्या बंड्या.

"आमच्या इकडं बी या ना, बाप्पा," तुम्ही म्हणता.

तो मान वर करून हसतो. कळलेलं काही नसतं. चाकू काढून पेन्सिल तासायला घेतो. एक पातळ, लालसर ढलपी तुमच्या पायाशी पडते. तुम्ही ती उचलून हुंगता. साग नव्हे, एवढं तुम्हाला वासावरूनच कळतं.